लॉरेन हॅन्सबेरी

घर विकताना किंवा भाड्याने देताना करार करतात, हे तुम्हांला माहीत आहे. करार हा शब्द तुमच्या उर्दूतही आहे. पण एका वस्तीतील घरमालकांनी एकत्र येऊन, आपले घर काळ्या माणसाला विकणार नाही, असा करार केल्याचे तुम्ही कधी ऐकले आहे का? अमेरिकेत असे करार सर्रास होत. त्यांची झळ लागलेल्या एका मुलीची ही हकीकत आहे.

लॉरेनचा जन्म १९ मे १९३० रोजी शिकागो शहरात एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. वडील कार्ल हॅन्सबेरी घरांचा व्यवसाय करीत. त्या काळी दक्षिणेकडील राज्यांतून हजारो कृष्णवर्णीय लोक कामासाठी शिकागोला येत होते, पण त्यांना राहायला शहराची एक चिंचोळी पट्टीच मोकळी होती. कार्ल मोठ्या घरांचे लहान लहान भाग पाडून ते भाड्याने देत. त्यातून ते श्रीमंत झाले. लोकांच्या अडचणीतूनच हा पैसा आला, हेही खरे. मात्र एवढा पैसा असूनही त्यांना स्वतःसाठी मनासारख्या वस्तीत घर घेता येईना.

१९३७ साली त्यांनी गोऱ्यांच्या वस्तीत एक घर विकत घेतलेच. लगेच घरासमोर जमाव जमला. खिडकीतून एक जड वीट आत आली आणि सात वर्षांची लॉरेन थोडक्यात बचावली. शाळेत जाता-येता लोक तिच्यावर थुंकत, शिव्या देत. वडील खटल्यासाठी बाहेरगावी असले, की आई भरलेले पिस्तूल घेऊन रात्रभर घरात पहारा देई. कल्पना करा, त्या घरात मुलांना झोप कशी लागत असेल!

शेजारी कोर्टात गेले. राज्याच्या कोर्टांनी कार्ल यांना घर सोडण्याचा हुकूम दिला. तेव्हा ते देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. शेजाऱ्यांचा करार ९५ टक्के जागेच्या मालकांनी सह्या केल्या तरच लागू होणार होता. प्रत्यक्षात सह्या होत्या सुमारे ५४ टक्क्यांच्या! पण एका जुन्या खटल्यात ९५ टक्के मान्य झाले होते, म्हणून आता वाद नको, असे खालच्या कोर्टांचे म्हणणे होते. त्या खटल्यात हॅन्सबेरी नव्हतेच, मग तो निकाल त्यांना कसा लागू होईल, असे सर्वोच्च न्यायालयाने १९४० मध्ये ठरवले. कार्ल जिंकले. पण असे करारच अन्यायाचे आहेत, असे काही न्यायालयाने म्हटले नाही. निराश होऊन कार्ल मेक्सिकोत जाऊन राहण्याच्या विचारात होते. तिथेच १९४६ साली त्यांचे निधन झाले.

कोर्टांनी असे करार अमलात आणू नयेत, हा निकाल १९४८ साली लागला. तरी भेदभाव थांबला नाही. न्यूयॉर्कजवळ १९४७ पासून लेव्हिटटाऊन हे नवे उपनगर उभे राहत होते. तिथे सतरा हजारांहून अधिक घरे झाली, घरकर्जाला सरकारची हमी होती, पण कृष्णवर्णीयांना घर मिळत नव्हते.

लॉरेन १९५० मध्ये न्यूयॉर्कला आली. तिथे वर्तमानपत्रात काम करता करता ती लिहू लागली. ‘अ रेझिन इन द सन’ हे तिचे नाटक १९५९ साली ब्रॉडवेवर आले. कृष्णवर्णीय स्त्रीचे नाटक तिथे प्रथमच होत होते. त्यात एक गरीब कुटुंब विम्याच्या पैशांतून गोऱ्यांच्या वस्तीत घर घेते. वस्तीचा प्रतिनिधी येतो. तो वीट फेकत नाही. गोड बोलून, तुम्ही येऊ नका, हवे तर घराचे जास्त पैसे घ्या, असे सुचवतो. पैसे बुडवून बसलेला मुलगा आधी तयार होतो, पण ऐन वेळी नकार देतो. सामान निघते आणि पडदा पडतो. नव्या घरात पुढे काय झाले, ते नाटकात नाही. प्रेक्षकांपैकी पुष्कळांनी हा शेवट सुखाचा मानला. लॉरेनला मात्र पुढचे ठाऊक होते.

१२ जानेवारी १९६५ रोजी कर्करोगाने तिचे निधन झाले. तेव्हा ती अवघी ३४ वर्षांची होती. घर देताना वंशावरून भेद करण्यास बंदी घालणारा कायदा १९६८ साली झाला. वीट पडलेल्या त्या घराला शिकागो शहराने २०१० साली ऐतिहासिक वास्तू म्हणून संरक्षण दिले.