व्याधी घरात येते तेव्हा



आजच्या वाचनात गीतेच्या तेराव्या अध्यायातले ८ आणि ९ हे श्लोक आले. ज्ञानाची लक्षणं सांगताना भगवंत आधी जन्म, मृत्यू, म्हातारपण आणि आजार यांकडे नीट बघायला सांगतात, आणि लगेच पुढे मुलंबाळं, जोडीदार, घरदार यांत अडकू नका म्हणतात. पहिलं एकवेळ पटतं. दुसरं मात्र घरात कुणाला कॅन्सर निघाला की फार जड जातं. आपल्या माणसासाठी जीव तुटत असताना अडकायचं नाही म्हणजे नेमकं काय करायचं? याचं उत्तर शोधताना मला रामकृष्ण परमहंसांचं शेवटचं आजारपण आठवतं, आणि त्याहून जास्त शारदामाता आठवतात.

रामकृष्णांचा जन्म १८३६ सालचा, बंगालमधल्या कामारपुकुर गावचा. दक्षिणेश्वरच्या कालीमंदिरात ते पुजारी झाले आणि आयुष्यभर कालीमातेशी लेकरासारखे बोलत राहिले. १८८५ च्या उन्हाळ्यात त्यांचा घसा दुखू लागला. आधी साधं दुखणं वाटलं. पुढे रक्त पडू लागलं आणि निदान झालं ते घशाच्या कर्करोगाचं. उपचारांसाठी भक्तांनी त्यांना कलकत्त्यात श्यामपुकुरच्या भाड्याच्या घरात आणलं. डॉ. महेंद्रलाल सरकार औषध देत. डिसेंबरात त्यांना काशीपूरच्या बागेतल्या घरी हलवलं.

मग जे कुठल्याही घरात होतं तेच तिथंही झालं. खर्च कुणी करायचा, रात्री कुणी जागायचं, पथ्याचं कुणी बघायचं? गृहस्थ भक्तांनी पैसे उभे केले. नरेंद्र आणि इतर तरुण मुलं आळीपाळीनं उशाशी बसू लागली. नरेंद्रचे वडील नुकतेच गेलेले, घरी ओढगस्त, तरी तो तिथंच. शारदामाता स्वयंपाक सांभाळत. श्यामपुकुरच्या घरी त्यांना नीट खोलीही नव्हती. गच्चीच्या दाराशी असलेल्या एवढ्याशा जागेत दिवस काढायचा, पहाटे तीनला उठून आवरायचं आणि गिळता येईल असं पातळ अन्न करायचं. काशीपूरला एकदा दुधाचं भांडं घेऊन पायऱ्या चढताना त्या पडल्या, घोटा दुखावला. बऱ्या झाल्यावर पुन्हा तेच काम.

मंडळींनी रामकृष्णांना विनवलं, की देवीला सांगून निदान घशाखाली घास उतरेल एवढं तरी करा. त्यांनी विचारलंही. पण देवीनं इतक्या सगळ्या मुखांनी तूच तर जेवतो आहेस असं दाखवलं, आणि आपल्यालाच मागितल्याची लाज वाटली, असं त्यांनी सांगितलं. आजार काही हटला नाही.

शेवटी शारदामाता तारकेश्वरला गेल्या. महादेवापुढे अन्नपाणी सोडून दोन दिवस पडून राहिल्या. रात्री त्यांना रचलेली मातीची मडकी एका फटक्यात फुटावीत तसा आवाज आला, आणि मनात उमटलं, की या जगात कोण कुणाचा नवरा, कोण कुणाचं! हट्ट तिथंच गळाला. त्या उठल्या आणि परत आल्या.

परत येऊन त्यांनी काय केलं, ते मला फार मोलाचं वाटतं. त्यांनी पुन्हा चूल पेटवली. ओढ सुटली म्हणून त्या वाटीभर पेज द्यायच्या थांबल्या नाहीत. देवाशी चाललेलं भांडण तेवढं संपलं, सेवा तशीच राहिली. नवव्या श्लोकातलं न अडकणं मला इथं कळतं. माणूस आपल्या मुठीत राहावा हा आग्रह सुटतो, त्याचं दुखणं मात्र आपलंच राहतं.

१६ ऑगस्ट १८८६ ला रामकृष्ण गेले. शारदामाता तेव्हा बत्तीस वर्षांच्या होत्या. पुढे कामारपुकुरला त्यांनी हलाखीचे दिवस काढले, दुःख काही चुकलं नाही. पण नंतर १९२० पर्यंत कितीतरी लोकांच्या त्या आई झाल्या. उशाशी जागलेल्या मुलांनी वराहनगरला मठ काढला. त्यातला नरेंद्र विवेकानंद झाला, आणि त्यानं १८९७ मध्ये स्थापलेलं रामकृष्ण मिशन आजही दवाखाने चालवतं. मरण इतक्या जवळून पाहिलेली ती मुलं रोग्याच्या सेवेला देवपूजा मानू लागली.

तुमच्या घरी आज असं आजारपण असेल, तर नवस करा, रडा, डॉक्टरांना दहा प्रश्न विचारा. त्यात श्रद्धा कमी पडली असं काही नाही. शारदामाताही आधी धरणं धरूनच बसल्या होत्या. आणि आजार शेजारी असेल, तर आज एक डबा पोचवा, किंवा रात्रीची एक पाळी आपण घ्या.

आजारी माणसाला आराम आणि उशाशी बसलेल्यांना बळ मिळो.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥