विश्लेषण : व्हाइट हाऊसमधील ‘त्या’ गालिच्यामागचा माणूस कोण होता?

अमेरिकेच्या व्हाइट हाऊसच्या संग्रहात 44 लाखांहून अधिक गाठींचा एक गालिचा आहे. लेबनॉनमधील गझीर येथे आर्मेनियन अनाथ मुलींनी विणलेला हा गालिचा 1925 मध्ये राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज यांना भेट देण्यात आला. त्यामागे उभे होते स्विस मिशनरी याकोब क्युन्झलर.

सुतार ते परिचारक

क्युन्झलर यांचा जन्म 1871 चा, स्वित्झर्लंडच्या हुंडविल गावातला. लहानपणीच ते पोरके झाले. आधी सुतारकाम, मग बासेलमध्ये रुग्णसेवेचे शिक्षण. 1899 मध्ये ते ऑटोमन साम्राज्यातील उर्फा शहरात (आजचे तुर्कस्तान) गेले. तेथे जर्मन धर्मगुरू योहानेस लेप्सियस यांच्या मिशनचे रुग्णालय होते.

1915 मध्ये नेमके काय झाले?

ऑटोमन सरकारने आर्मेनियन जनतेला घराबाहेर काढून सीरियाच्या वाळवंटाकडे हाकलले. उर्फा याच वाटेवर होते. उपाशी, आजारी तांडे शहरात येऊ लागले. पहिले महायुद्ध सुरू होते आणि रुग्णालयाचे डॉक्टर मायदेशी. सगळा भार वैद्यकीय पदवी नसलेल्या या परिचारकावर आला. पत्नी एलिझाबेथसह त्यांनी जखमींवर उपचार केले, मुले सांभाळली. बाहेर पडणे शक्य असूनही ते थांबले, हे महत्त्वाचे. डोळ्यांदेखत घडलेले त्यांनी 1921 मध्ये पुस्तकरूपात मांडले.

आठ हजार मुले सीमेपार

1922 मध्ये त्यांच्यावर सर्वांत अवघड काम आले. चर्चमधूनही देणग्या गोळा करणाऱ्या अमेरिकी ‘नीअर ईस्ट रिलीफ’साठी त्यांनी सुमारे 8,000 अनाथ मुलांना तुर्कस्तानातून सीरिया आणि लेबनॉनमध्ये हलवले.

पुढे काय?

गझीरच्या अनाथालयात त्यांनी गालिचे विणण्याचा कारखाना काढला. अनाथ मुलींना मागावर बसवणे आज खटकेल, आणि खटकायलाही हवे. पण अनाथालयाबाहेर पडल्यावर ना घर, ना देश, ना नातेवाईक. हाती कसब असावे, हा त्यामागचा हिशेब होता. क्युन्झलर यांना स्वतःचा एक हात गमवावा लागला, तरी निर्वासित विधवा आणि क्षयरुग्णांसाठीचे काम त्यांनी सोडले नाही. 1949 मध्ये गझीरमध्येच त्यांचे निधन झाले.

गालिच्याचा प्रवास मात्र अडखळत राहिला. आर्मेनियन वंशसंहार हा शब्दच तुर्कस्तानला मान्य नाही. 2013 मध्ये ठरलेले गालिच्याचे प्रदर्शन रद्द झाले, तेव्हा वॉशिंग्टनमध्ये याच कारणाची चर्चा होती. अखेर नोव्हेंबर 2014 मध्ये तो लोकांना पाहायला मिळाला. अवघे सहा दिवस.