विश्लेषण : ‘केगेल व्यायाम’ शोधणारे डॉक्टर कोण? त्यांची कोणती युक्ती आपण विसरलो?

खोकताना, शिंकताना किंवा पाण्याचा हंडा उचलताना लघवीचे थेंब गळतात. पण अनेक महिला हे वर्षानुवर्षे कुणाला सांगत नाहीत. हिंगणा एमआयडीसीत दिवसभर उभ्याने काम करणारी असो वा शेतावर जाणारी, डॉक्टरकडे गेल्यास तिला बहुधा ‘केगेल व्यायाम’ सुचवला जातो.

कोण होते केगेल?

अर्नोल्ड केगेल (जन्म १८९४) हे अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ. ते सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकवत. बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणून सैल पडतात. शस्त्रक्रियेनंतरही काही महिलांची गळती परत सुरू होई. हातापायांसारखे हे स्नायूही व्यायामाने बळकट होतील, या विचारावर त्यांनी अनेक वर्षे काम केले आणि १९४८ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली.

त्यांचे वेगळेपण काय?

हे स्नायू डोळ्यांना दिसत नाहीत. त्यामुळे अनेकजणी पोट किंवा मांड्याच आवळतात आणि फरक जाणवत नाही म्हणून व्यायाम सोडतात. केगेल यांनी ‘पेरिनिओमीटर’ हे साधन बनवले. योनीमार्गात ठेवलेल्या हवेच्या नळीवर दाब पडला की बाहेरच्या तबकडीवरचा काटा हले. आपली प्रगती महिलेला स्वतःच्या डोळ्यांनी दिसे. दिवसातून ३ वेळा, २० मिनिटे असा त्यांचा कठोर नेम होता. आज व्यायाम उरला, प्रगती मोजणे मात्र मागे पडले.

आज काय करावे?

- लघवी व वायू रोखताना आवळतो, तेच स्नायू आवळा. तितकाच वेळ सैल सोडा. श्वास रोखू नका. लघवी करताना हा व्यायाम नको.
- एका वेळी किमान ८ वेळा, दिवसातून ३ दा, किमान ३ महिने करा.
- दात घासणे, दुपारचा चहा, अंथरूण अशा ठरलेल्या वेळांशी तो जोडा.
- स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज खूण करा. आठवड्यात किती वेळा गळती झाली, तेही लिहा. हाच घरचा काटा.
- गळतीच्या भीतीने पाणी तोडू नका. बद्धकोष्ठता व जुना खोकला अंगावर काढू नका.

डॉक्टरकडे कधी जावे?

लघवीत रक्त, जळजळ, अंग बाहेर येणे किंवा ३ महिन्यांनंतरही फरक नसेल तर तपासणी करून घ्या. डिगडोहच्या लता मंगेशकर रुग्णालयासारख्या ठिकाणी स्त्रीरोग विभागात विचारता येईल. योग्य स्नायू आवळला जातो का, हे तेथे एकदा तपासून घेतले तर पुढची मेहनत वाया जात नाही.