संत बखिता : जी परत गेली नाही



८ फेब्रुवारी रोजी ख्रिस्तसभा संत जोसेफिन बखिता हिचे स्मरण करते. पोप फ्रान्सिस यांच्या इच्छेनुसार २०१५ सालापासून याच दिवशी मानवी तस्करीविरुद्ध जगभर प्रार्थना आणि जनजागृती केली जाते. मुली-स्त्रियांचा हा व्यापार देशांच्या सीमा ओलांडून कसा चालतो आणि त्याला अटकाव कोण करू शकते, हे या एका स्त्रीच्या चरित्रातून आपल्याला समजते.

बखिताचा जन्म १८६९ च्या सुमारास सुदानच्या दार्फुर प्रांतातील एका खेड्यात झाला. घर खाऊनपिऊन सुखी होते. परंतु तिच्या मोठ्या बहिणीला गुलामांच्या व्यापाऱ्यांनी आधीच पळवून नेले होते. पुढे बखिता सात-आठ वर्षांची असताना मैत्रिणीबरोबर शेताकडे गेली होती. तेथे दोन अनोळखी माणसे भेटली. त्यांनी मैत्रिणीला गोड बोलून पुढे पाठवले आणि रानाच्या कडेला ठेवलेले गाठोडे आणून देण्यास बखिताला सांगितले. ती गेली आणि पकडली गेली. भीतीने तिला स्वतःचे नावही सांगता येईना. तेव्हा त्यांनीच तिला बखिता, म्हणजे भाग्यवान, असे नाव दिले. आईवडिलांनी ठेवलेले नाव तिला पुढे कधीच आठवले नाही.

एकदा ती दुसऱ्या एका मुलीबरोबर कैदेतून निसटली. वाटेत एका माणसाने मदतीचा हात पुढे केला, दोघींना घरी नेले आणि तेथे साखळदंडाने मेंढ्यांबरोबर बांधून ठेवले. काही दिवसांनी त्याने त्यांना विकून टाकले. एल ओबैद आणि खार्टूमच्या बाजारात ती पुनःपुन्हा विकली गेली. एका तुर्की सेनाधिकाऱ्याच्या घरी रोज फटके बसत. तेथील मालकिणीच्या हुकुमावरून तिच्या अंगावर वस्तऱ्याने ११४ जखमा करून त्यांत मीठ चोळण्यात आले. गोंदणाची नक्षी म्हणून! अंगावरील ते वण जन्मभर राहिले.

वस्तूला किंमत असते. माणसाला किंमत नसते, प्रतिष्ठा असते. कान्ट या जर्मन तत्त्ववेत्त्याने हा भेद स्पष्टपणे मांडला आहे. आपण ख्रिस्ती लोक त्याचे मूळ आणखी खोलवर पाहतो : माणूस देवाच्या प्रतिमेनुसार घडवलेला आहे. बाजारात बखिताची किंमत ठरत होती, तेव्हा तिची प्रतिष्ठाच नाकारली जात होती.

१८८३ मध्ये कालिस्तो लेन्यानी या इटालियन उपवाणिज्यदूताने तिला विकत घेतले. त्याच्या घरी तिला मार बसत नसे. १८८५ मध्ये तो मायदेशी निघाला, तेव्हा बखिताने बरोबर नेण्याची विनंती केली. इटलीत तिला मिकिएली कुटुंबाकडे सोपवण्यात आले. त्यांची लहान मुलगी मिम्मिना हिला ती सांभाळू लागली. मालकीणबाई सुदानला गेल्या असता या दोघींना व्हेनिस येथे कनोसा भगिनींकडे ठेवण्यात आले. लहानपणी सूर्य-चंद्र-ताऱ्यांकडे पाहून त्यांचा धनी कोण असेल, असा विचार बखिता करीत असे. त्या धन्याची ओळख तिला या मठात झाली.

मालकीणबाई तिला न्यायला आल्या, तेव्हा बखिताने जाण्यास नकार दिला. मिम्मिनावर तिचा जीव होता, तरीही ती ठाम राहिली. आणि ती एकटी नव्हती. मठाच्या सिस्टर तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या. प्रकरण व्हेनिसचे कार्डिनल आणि राजाचे सरकारी वकील यांच्यापर्यंत पोहोचले. इटलीच्या कायद्यात गुलामगिरीला थाराच नसल्यामुळे २९ नोव्हेंबर १८८९ रोजी बखिता स्वतंत्र असल्याचे जाहीर झाले. ९ जानेवारी १८९० रोजी तिला स्नानसंस्कार देण्यात आला. ८ डिसेंबर १८९६ रोजी तिने कनोसा भगिनींच्या संस्थेत व्रते घेतली. आपल्या मुंबईत माहीम आणि अंधेरी येथील कनोसा शाळा याच भगिनींच्या आहेत.

१९०२ पासून ती स्कियो गावच्या मठात होती. तेथे तिने स्वयंपाक, भरतकाम, प्रार्थनामंदिराची व्यवस्था अशी कामे केली. नंतर दारावरची सेवा तिच्याकडे आली. परक्याच्या दारात फसवली गेलेली ही स्त्री आता येणाऱ्या प्रत्येकासाठी दार उघडत होती. ८ फेब्रुवारी १९४७ रोजी ती देवाघरी गेली. १ ऑक्टोबर २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला संतपद बहाल केले.

बखिताने आपल्याला पळवणाऱ्यांनाही क्षमा केली होती, हे आपण आवर्जून सांगतो. परंतु क्रम विसरू नये. आधी तिने परत जाण्यास नकार दिला; क्षमा मुक्त मनाने केली. म्हणून मार खाऊन माहेरी आलेल्या मुलीला क्षमेचा उपदेश करून पुन्हा त्याच घरी धाडण्यासाठी बखिताचे नाव कोणी घेऊ नये. क्षमा करणे म्हणजे छळाकडे परतणे नव्हे.

व्हेनिसच्या त्या मठात जे घडले, तेच काम आज धर्मभगिनी मोठ्या प्रमाणावर करीत आहेत. २००९ साली त्यांनी तलीथा कूम हे आंतरराष्ट्रीय जाळे उभारले. मार्कच्या शुभवर्तमानात प्रभू येशूने याईराच्या मुलीचा हात धरून तिला उठवले, त्या वेळचे हे अरामी शब्द आहेत. नव्वदहून अधिक देशांत हे काम पोहोचले आहे. मुली जेथून नेल्या जातात, ज्या वाटेने नेल्या जातात आणि जेथे विकल्या जातात, अशा तिन्ही ठिकाणी सिस्टर आणि त्यांचे सहकारी एकमेकांच्या संपर्कात राहतात. त्या शाळा-गावांत जागृती करतात, सुटलेल्यांना आसरा देतात, घरी परतण्यास मदत करतात.

आपल्या धर्मग्रामातही हे काम करता येईल. परदेशात किंवा मोठ्या शहरात नोकरी देतो असे सांगणारा कोण आहे, याची खात्री करून घ्यावी. जाणाऱ्या मुलीचा पत्ता आणि पासपोर्टची प्रत घरी ठेवावी. मुलांबाबत शंका आल्यास १०९८ आणि स्त्रियांसाठी १८१ हे क्रमांक सर्वांना ठाऊक असावेत. आणि एखादी आपल्या दारी आली, तर आधी तिला आत घ्यावे, प्रश्न नंतर विचारावेत.

हे प्रभो, संत बखिताच्या मध्यस्थीने बंदिवासातील आमच्या भगिनींना मुक्त कर आणि आमची दारे त्यांच्यासाठी उघडी ठेव. आमेन.