शापूरजी सकलातवाला

शापूरजी दोराबजी सकलातवाला (२८ मार्च, १८७४ – १६ जानेवारी, १९३६) हे ब्रिटिश संसदेतील भारतीय वंशाचे तिसरे सदस्य व कम्युनिस्ट पुढारी होते. लंडनच्या बॅटरसी नॉर्थ मतदारसंघातून ते १९२२ व १९२४ साली हाउस ऑफ कॉमन्सवर निवडून गेले. त्यांच्या आधी निवडून आलेले दादाभाई नौरोजी (उदारमतवादी पक्ष, १८९२) आणि मंचेरजी भावनगरी (हुजूर पक्ष, १८९५) हेही मुंबईचे पारशीच होते. मात्र उद्योगपती जमशेटजी टाटा यांचा सख्खा भाचा असूनही कामगारांचा प्रतिनिधी म्हणून निवडून येणारे सकलातवाला एकटेच.

पूर्वायुष्य

सकलातवाला यांचा जन्म मुंबईत झाला. वडील दोराबजी व्यापारी होते, तर आई जेरबाई जमशेटजींची बहीण. शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्स शाळेत व महाविद्यालयात झाले. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ पसरली, तेव्हा लस शोधणारे शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांच्याबरोबर त्यांनी साथनिवारणाचे काम केले. पुढे मामांच्या पोलाद कारखान्याच्या योजनेसाठी बिहार-ओरिसाच्या जंगलांत लोहखनिज व कोळसा शोधण्याची कामगिरी त्यांच्याकडे आली. तेथे हिवतापाने प्रकृती ढासळली आणि १९०५ साली ते इंग्लंडला गेले. डर्बीशायरमधील मॅटलॉक येथे उपचार घेत असताना त्यांची ओळख तेथे काम करणाऱ्या सारा मार्श या तरुणीशी झाली. १९०७ मध्ये त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला पाच अपत्ये झाली.

राजकारणात प्रवेश

टाटांच्या इंग्लंडमधील कचेरीत नोकरी करतानाच ते १९०९ साली स्वतंत्र मजूर पक्षात दाखल झाले. भारतीय कामगारांचा प्रश्न ब्रिटिश कामगार चळवळीपुढे मांडण्यासाठी पहिल्या महायुद्धाच्या काळात स्थापन झालेल्या ‘वर्कर्स वेल्फेअर लीग ऑफ इंडिया’चे ते प्रमुख कार्यकर्ते होते. त्यांचा युक्तिवाद दयेवर आधारलेला नव्हता. बंगालच्या ताग गिरण्यांतील मजुराला तुटपुंजे वेतन मिळते तोवर स्कॉटलंडमधील डंडीच्या ताग कामगाराचे वेतनही सुरक्षित नाही, म्हणून वसाहतींचे स्वातंत्र्य ही ब्रिटिश कामगाराचीही गरज आहे, असे ते सांगत. हा मुद्दा त्यांनी पुढे संसदेतही सातत्याने मांडला. स्वतंत्र मजूर पक्षाने तिसऱ्या इंटरनॅशनलमध्ये सामील होण्यास नकार दिल्यावर १९२१ साली ते कम्युनिस्ट पक्षात गेले.

संसदीय कारकीर्द

बॅटरसी हा दक्षिण लंडनमधील कष्टकऱ्यांचा भाग. १९१३ साली जॉन आर्चर या कृष्णवर्णीय नेत्याला महापौर निवडणाऱ्या या भागातील मजूर कार्यकर्त्यांनी कम्युनिस्ट सकलातवालांना आपला उमेदवार केले. आर्चर यांचाही त्यांना पाठिंबा होता. १९२२ मध्ये ते सुमारे दोन हजार मतांनी विजयी झाले. पुढच्याच वर्षी १८६ मतांनी पराभूत झाले आणि १९२४ मध्ये ५४२ मतांनी पुन्हा निवडून आले. कम्युनिस्टांना उमेदवारी न देण्याचे मजूर पक्षाने ठरवले होते, तरीही बॅटरसीची स्थानिक शाखा त्यांच्यामागे उभी राहिली. या सभागृहात ते एकमेव कम्युनिस्ट सदस्य होते.

१९२५ साली आंतरसंसदीय परिषदेसाठी अमेरिकेला जाणाऱ्या ब्रिटिश प्रतिनिधींत त्यांचा समावेश होता. पण परराष्ट्रमंत्री फ्रँक केलॉग यांनी त्यांचा व्हिसा रद्द केला. त्याच वर्षी त्यांचा टाटा कंपनीशी असलेला नोकरीचा संबंध संपला. १ मे १९२६ रोजी हाइड पार्कमधील सभेत त्यांनी सैनिकांना कामगारांवर गोळ्या न झाडण्याचे आवाहन केले. सार्वत्रिक संप सुरू होताच त्यांना अटक झाली. चांगल्या वर्तणुकीची हमी दिली असती तर सुटका शक्य होती. ती नाकारून त्यांनी दोन महिन्यांचा कारावास पत्करला.

भारत दौरा

जानेवारी १९२७ मध्ये ते मुंबईत उतरले. पुढील सुमारे तीन महिन्यांत ठिकठिकाणी त्यांच्या सभांना मोठी गर्दी झाली. याच काळात महात्मा गांधींशी त्यांचा जाहीर पत्रव्यवहार झाला. चरखा व खादी यांमुळे दारिद्र्य हटणार नाही, त्याऐवजी कामगार-शेतकऱ्यांच्या संघटना बांधाव्यात, असा त्यांचा आग्रह होता. लोकांनी गांधींच्या पाया पडणे व त्यांना ‘महात्मा’ म्हणणे यांवरही त्यांनी टीका केली. गांधींनी आदराने उत्तर दिले, पण भूमिका बदलली नाही.

दौऱ्यानंतर सरकारने त्यांना भारतात येण्यास मनाई केली. १९२९ साली सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाच्या सरकारनेही ती उठवली नाही. ज्या देशाची बाजू ते संसदेत मांडत होते, तो देश त्यांना पुन्हा पाहता आला नाही.

पक्षाशी मतभेद

१९२७ साली लंडनमधील कॅक्स्टन हॉलमध्ये त्यांनी आपल्या पाचही मुलांचा नवजोत हा पारशी दीक्षाविधी केला. कम्युनिस्ट पक्षाने याबद्दल त्यांच्यावर जाहीर ठपका ठेवला. त्यांनी पक्ष सोडला नाही आणि केलेल्या विधीबद्दल माघारही घेतली नाही.

अखेरची वर्षे

१९२७ अखेर आलेल्या सायमन कमिशनच्या प्रस्तावाला त्यांनी संसदेत विरोध केला; मजूर पक्षाचे नेतृत्व मात्र त्यात सहभागी झाले. १९२९ च्या निवडणुकीत मजूर पक्षाने बॅटरसीत त्यांच्याविरुद्ध अधिकृत उमेदवार दिला आणि सकलातवाला तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले. १९३० ची ग्लासगोतील शेटलस्टनची पोटनिवडणूक आणि १९३१ ची बॅटरसीची निवडणूकही ते हरले. तरीही ब्रिटनभर त्यांची व्याख्याने चालूच होती. १९३४ मध्ये त्यांनी सोव्हिएत संघाचा दौरा केला.

१६ जानेवारी १९३६ रोजी लंडनमधील राहत्या घरी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. गोल्डर्स ग्रीन येथे दहन झाल्यावर त्यांच्या अस्थी ब्रुकवुडच्या पारशी दफनभूमीत ठेवण्यात आल्या. जमशेटजी टाटा यांची समाधीही तेथेच आहे. स्पेनच्या यादवी युद्धात लढणाऱ्या आंतरराष्ट्रीय ब्रिगेडच्या ब्रिटिश तुकडीला पुढे ‘सकलातवाला बटालियन’ असे नाव देण्यात आले. मात्र हे नाव फारसे रूढ झाले नाही.