छातीतला श्वास ऐकणारे डॉक्टर : रेने लेनेक



आपल्यापैकी कोण दवाखान्यात गेलेला नाही? खोकला असो, ताप असो, डॉक्टर आधी काय करतात? गळ्यातली नळी कानाला लावतात, तिचे दुसरे टोक आपल्या छातीवर ठेवतात आणि म्हणतात, मोठा श्वास घ्या. पुढून ऐकतात, मग पाठीवरून ऐकतात. आपल्याकडे म्हातारी माणसे तर नळी लावल्याशिवाय डॉक्टरांनी तपासले असे मानतच नाहीत! ही नळी, म्हणजे स्टेथोस्कोप, ज्यांनी शोधून काढली ते रेने लेनेक हे एक श्रद्धावंत कॅथलिक डॉक्टर होते. आपल्यासारखेच समुद्राकाठचे होते. १३ ऑगस्ट १८२६ रोजी ते देवाघरी गेले. त्यांची ही जीवनकथा.

बालपण

लेनेक यांचा जन्म १७ फेब्रुवारी १७८१ रोजी फ्रान्सच्या पश्चिमेकडील ब्रिटनी प्रांतात कँपेर या गावी झाला. ब्रिटनी म्हणजे फ्रान्सचे कोकणच म्हणा ना! खडकाळ किनारा, मासेमारीवर जगणारी माणसे, गावोगावी चर्च आणि घरात बोलायला फ्रेंचपेक्षा वेगळी अशी स्वतःची ब्रेटन भाषा. तिथल्या दुआर्नने बंदरात तारलीची मासेमारी मोठ्या प्रमाणावर चाले.

रेने अवघा पाच वर्षांचा असताना त्याची आई वारली. तिला क्षय झाला असावा असे मानतात. वडील वकील होते, पण संसारापेक्षा कविता करण्यात त्यांचे मन अधिक रमे. त्यांनी मुलांना नातेवाइकांकडे पाठवून दिले. रेने काही काळ नात्यातल्या एका धर्मगुरूंकडे राहिला आणि मग नांत शहरात डॉक्टर असलेल्या काकांच्या घरी आला. या काकांनी त्याला पोटच्या मुलासारखे वाढवले. पुढे फ्रेंच राज्यक्रांतीचा भयंकर काळ आला. चर्चेस बंद झाली, धर्मगुरूंचा छळ झाला, घराजवळच्या चौकात माणसांची डोकी उडवली जात होती. काकांनाही काही काळ तुरुंगात जावे लागले. अशा दिवसांत, वयाच्या चौदाव्या वर्षी, हा मुलगा काकांच्या हाताखाली इस्पितळात वैद्यकी शिकू लागला. मोकळ्या वेळात तो बासरी वाजवायचा. सुरांची ही पारख पुढे किती उपयोगी पडणार होती हे तेव्हा कोणाला ठाऊक होते!

१८०१ साली ते पॅरिसला गेले. तेथे नेपोलियनचे डॉक्टर कोर्विझार यांच्याकडे शिकले. १८०३ मध्ये वैद्यक आणि शस्त्रक्रिया या दोन्ही विषयांत पहिले बक्षीस मिळवले आणि १८०४ मध्ये डॉक्टर झाले. क्रांतीनंतर शिकलेल्या लोकांत देवाधर्माची टिंगल करण्याची रीत पडली होती. लेनेक मात्र त्याच काळात तरुणांच्या एका कॅथलिक प्रार्थनामंडळात सामील झाले आणि आपली श्रद्धा त्यांनी कधी लपवली नाही. १८१४ मध्ये युद्धातले जखमी सैनिक पॅरिसच्या इस्पितळांत आले. त्यांतल्या ब्रेटन पोरांना फ्रेंच येत नव्हते. परक्या शहरात आपले दुखणे सांगायलाही कोणी नाही अशी त्यांची स्थिती होती. लेनेक मोठेपणी मुद्दाम ब्रेटन भाषा शिकले होते. त्यांनी या सैनिकांना एकत्र ठेवण्याची व्यवस्था करून घेतली आणि त्यांच्याच भाषेत बोलून त्यांच्यावर उपचार केले.

छातीत काय चालते?

पुढची गोष्ट समजण्यासाठी आपल्या छातीत काय चालते ते थोडे पाहू. नाकातून घेतलेला वारा केसांनी आणि ओलाव्याने गाळला जातो, कोमट होतो आणि घशातून श्वासनळीत उतरतो. ही नळी साधारण १० ते १२ सेंटीमीटर लांब असते. ती चपटी होऊ नये म्हणून तिच्यात कूर्चेची १६ ते २० अर्धगोल कडी असतात. छातीत तिच्या दोन फांद्या होतात. उजवी फांदी अधिक रुंद आणि सरळ असते. म्हणूनच लहान मुलाच्या श्वासात शेंगदाणा गेला तर तो बहुधा उजवीकडे अडकतो. उजव्या फुप्फुसाचे तीन भाग असतात आणि डाव्याचे दोनच, कारण डावीकडे हृदयाला जागा द्यावी लागते.

फांदीला फांदी फुटत फुटत सुमारे तेवीस वेळा अशी विभागणी होते आणि शेवटी द्राक्षाच्या घडासारख्या सूक्ष्म हवेच्या पिशव्या येतात. त्यांची संख्या तीस कोटींच्या आसपास असते. त्या सगळ्या उलगडून पसरल्या तर सुमारे ७० चौरस मीटर जागा व्यापतील. या पिशव्यांच्या अतिशय पातळ भिंतीतून प्राणवायू रक्तात जातो आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. आत जाणाऱ्या हवेत प्राणवायू २१ टक्के असतो, बाहेर येणाऱ्या हवेत तो सुमारे १६ टक्के उरतो. फुप्फुसांना स्वतःचे स्नायू नसतात. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा खाली सरकतो, बरगड्या वर उचलल्या जातात आणि भात्यासारखी हवा आत खेचली जाते. शांत बसलेला माणूस मिनिटाला बारा ते सोळा वेळा, प्रत्येक वेळी सुमारे अर्धा लिटर हवा घेतो. म्हणजे दिवसाला वीस हजारांच्या आसपास श्वास! आपण झोपलेले असतानाही हे काम थांबत नाही.

पण हे सगळे बरगड्यांच्या पिंजऱ्यात झाकलेले. एक्स-रे तर १८९५ साली आले. त्याआधी डॉक्टरला आतले कळावे कसे? ऑएनब्रुगर नावाच्या डॉक्टरांनी १७६१ मध्ये छातीवर बोटांनी ठोकून पाहण्याची पद्धत सांगितली होती. आपण नारळ वाजवून पाणी आहे की नाही ते पाहतो, तसेच काहीसे. कोर्विझार यांनी ती पद्धत पुन्हा चालू केली. काही डॉक्टर रुग्णाच्या छातीला सरळ कान लावत. पण ते संकोचाचे होते आणि नीट ऐकूही येत नसे.

कागदाची गुंडाळी

१८१६ साली लेनेक पॅरिसच्या नेकर इस्पितळात डॉक्टर झाले. त्याच वर्षी एक तरुण स्त्री हृदयाच्या दुखण्याची लक्षणे घेऊन त्यांच्याकडे आली. ती अंगाने स्थूल होती, त्यामुळे ठोकून काही कळेना. छातीला कान लावणे तर शोभणारे नव्हते. तेव्हा लेनेकना एक साधी गोष्ट आठवली. लाकडाच्या वाशाच्या एका टोकाला टाचणीने खरवडले तर दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्याला ते स्पष्ट ऐकू येते. त्यांनी कागदाची घट्ट गुंडाळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवले आणि दुसऱ्याला कान लावला. हृदयाचे ठोके कधी नव्हते इतके स्वच्छ ऐकू आले. एका स्त्रीची लाज राखण्यासाठी केलेल्या युक्तीतून वैद्यकशास्त्राला नवा कान मिळाला.

मग त्यांनी स्वतः कातकाम करून सुमारे एक फूट लांबीची लाकडी नळी बनवली. पुढची तीन वर्षे ते रोज रुग्णांच्या छातीतले आवाज ऐकत आणि लिहून ठेवत. रुग्ण दगावला तर शवविच्छेदन करून त्या आवाजाच्या जागी आत काय बिघडले होते ते पाहत. न्यूमोनियात तापलेल्या भांड्यावर मीठ तडतडावे तसा आवाज येतो हे त्यांनी ओळखले. छातीत पाणी झाले तर रुग्णाचा शब्द शेळीच्या ओरडण्यासारखा थरथरतो. क्षयाने फुप्फुसात पोकळी पडली तर त्याचे बोलणे थेट छातीतूनच आल्यासारखे वाटते. बासरी वाजवणारे कान येथे कामाला आले. १८१९ मध्ये त्यांचा मोठा ग्रंथ दोन खंडांत निघाला. क्षय वेगवेगळ्या रूपांत दिसला तरी तो एकच रोग आहे, हेही त्यांनी आग्रहाने मांडले. पुढे १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचे जंतू शोधल्यावर ते खरे ठरले.

स्वतःचाच रोग

क्षयाने लेनेक यांच्या घराची पाठ सोडली नव्हती. आई गेली, १८१० मध्ये भाऊ गेला, १८१६ मध्ये जिवलग मित्र डॉ. बेल गेले. शवविच्छेदन करताना लेनेक यांच्या बोटालाही एकदा क्षयाची गाठ झाली होती. त्या काळच्या बहुतेक फ्रेंच डॉक्टरांप्रमाणे हा रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातो याची त्यांना खात्री नव्हती. ग्रंथ निघाला तेव्हा ते इतके थकले होते की पॅरिस सोडून गावी गेले. १८२१ मध्ये परत आले, मोठ्या पदांवर प्राध्यापक झाले, १८२४ मध्ये लग्न केले. समुद्राच्या हवेने क्षयरोग्याला बरे वाटते असा त्यांचा समज होता, म्हणून रुग्णांच्या खोल्यांत समुद्रातले शेवाळ ठेवूनही त्यांनी पाहिले.

१८२६ च्या वसंतात ताप आणि खोकला वाढला. नात्यातला तरुण डॉक्टर मेरियादेक याने त्यांचीच नळी त्यांच्या छातीला लावली आणि काय ऐकू आले ते सांगितले. ज्या खुणा त्यांनी जगाला शिकवल्या त्याच आता त्यांच्या छातीत होत्या. लेनेकना आणखी काही सांगायची गरज नव्हती. ते दुआर्ननेजवळच्या आपल्या घरी परतले आणि १३ ऑगस्ट १८२६ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी वारले. शेवटच्या दिवशी त्यांनी बोटातल्या अंगठ्या स्वतःच काढून ठेवल्या. नंतर दुसऱ्या कोणाला ते दुःखाचे काम करावे लागू नये म्हणून! आपली नळी त्यांनी मेरियादेकला दिली. आपल्या वारशातली सर्वांत मोलाची वस्तू तीच, असे ते मानत.

आपल्यासाठी

लेनेकना क्षय ओळखता आला, बरा करता आला नाही. आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी स्वतः डॉक्टर असूनही फेब्रुवारी १८८७ मध्ये, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधी क्षयानेच गेल्या. मिशनरी डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेला इस्पितळ उघडले. त्यांच्या नावाच्या वानलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले. पण तेव्हाही विश्रांती, सकस अन्न आणि मोकळी हवा एवढाच मुख्य उपाय होता. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि चित्र बदलले. आता साधा क्षय सहा महिने नियमित गोळ्या घेतल्या की बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

मग आजही माणसे क्षयाने का मरतात? एक कारण म्हणजे लाज. घरात मुलीचे लग्न ठरायचे आहे, शेजारी काय म्हणतील, म्हणून खोकला लपवला जातो. दोन महिने बरे वाटले की गोळ्या बंद केल्या जातात आणि मग जंतू औषधाला दाद देईनासे होतात. रोग लपवला तर तो घरातल्या नातवंडांपर्यंत पोहोचतो. उलट, योग्य औषध चालू झाल्यावर काही आठवड्यांत रुग्णापासून इतरांना लागण होण्याचा धोका फार कमी होतो. त्याचे ताट-वाटी वेगळी करण्याची तर काहीच गरज नसते, कारण हा रोग भांड्यांतून नव्हे, खोकल्यातून हवेवाटे पसरतो.

तेव्हा दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, संध्याकाळी ताप येत असेल, वजन घटत असेल, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन थुंकी तपासून घ्या. शेजारी कोणी खोकत असेल तर त्याच्यापासून दूर सरकण्याऐवजी त्याला दवाखान्यात घेऊन जा. कोणी गोळ्या घेत असेल तर सहा महिने त्याची आठवण ठेवा. लेनेकनी एका संकोचलेल्या बाईचा मान राखून तिचे दुखणे ऐकले. आपल्या वाडीतल्या आजाऱ्याचा मान राखून त्याचे ऐकणे आपल्यालाही जमेल. त्याला नळी लागत नाही.