रविवारच्या सुटीचे मोल

गिरणगावातील भोंगे आता मूक झाले आहेत; परंतु त्या वस्तीने झगडून मिळविलेली साप्ताहिक सुटी ही कामगारवर्गाची चिरस्थायी मिळकत ठरली आहे. तिचे श्रेय प्रामुख्याने नारायण मेघाजी लोखंडे यांचे.

१८४८ साली जन्मलेले लोखंडे हे महात्मा फुले यांचे सत्यशोधक सहकारी. गिरणीतील नोकरीत त्यांनी मजुरांचे हाल जवळून पाहिले आणि १८८० मध्ये ‘दीनबंधू’ची सूत्रे हाती घेतली. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने बालकामगारांना महिन्यास चार सुट्या दिल्या. प्रौढांच्या पदरात काहीच पडले नाही. तेव्हा १८८४ मध्ये लोखंडे यांनी परळ येथे सभा भरवून सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन सिद्ध केले. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार व अपघाताची भरपाई या त्यातील मागण्या होत.

साच्यावर नगाप्रमाणे मजुरी घेणाऱ्या विणकराला सुटी म्हणजे बुडालेली कमाई. तरीही ती मागितली गेली, यातच या लढ्याचे मर्म आहे. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे १०,००० कामगार जमले. दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने सुटी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुटीस आधार दिला.

१८९७ च्या प्लेगमध्ये लोखंडे यांचे निधन झाले. आजही ज्या कंत्राटी मजुराला सुटी म्हणजे केवळ खाडाच, त्याच्यापुरते त्यांचे कार्य अपुरे आहे.